सप्रेसर लावल्यावर पहिलाच बार मोठा का वाजतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला बार मोठा वाजतो म्हणजे नेमके काय होते?

बराच वेळ शांत पडलेल्या बंदुकीला सप्रेसर (नळीच्या तोंडाला बसवायचे, आवाज कमी करणारे नळकांडे) लावून पाच-दहा गोळ्या सलग झाडल्या, तर पहिल्या बाराचा आवाज टोकदार येतो, ‘फट्’ असा. दुसऱ्यापासून तो बसका होतो आणि मग जवळपास एकसारखा राहतो. नेमबाज याला ‘फर्स्ट राउंड पॉप’ म्हणतात, थोडक्यात एफआरपी. सप्रेसर बिघडल्याची ही खूण नव्हे. चांगल्यातल्या चांगल्या सप्रेसरमध्येही हे होते, फक्त कमी-जास्त प्रमाणात.

.२२ च्या (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) पिस्तुलावर फरक अनेकदा ४ ते ६ डेसिबल असतो. मोठ्या रायफलवर तो १-२ डेसिबलही असू शकतो, म्हणजे कानाला कळणारही नाही. आकडे लहान दिसतात, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनिदाब सुमारे १.४ पट होतो आणि ६ डेसिबलला दुप्पट.

कारण काय?

सप्रेसरच्या आत अडकलेली हवा. अधिक नेमके सांगायचे तर त्या हवेतला ऑक्सिजन.

गोळी नळीच्या तोंडातून सुटली की तिच्या मागचा तप्त वायू सप्रेसरच्या पहिल्या कप्प्यात घुसतो. हा वायू पूर्ण जळालेला नसतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन भरपूर असतात, शिवाय दारूचे काही अर्धवट जळालेले कणही. हे दोन्ही वायू ज्वलनशील आहेत आणि तापमान हजार अंशांच्या आसपास असते. कप्प्यातल्या हवेशी ते वेगाने घुसळले जातात, आघातलहरींमुळे आणखी तापतात आणि पेट घेतात. हे दुसरे ज्वलन सप्रेसरच्या पोटात होते. त्याची उष्णता तिथला दाब वाढवते आणि सप्रेसरच्या पुढच्या तोंडातून वायू जास्त जोराने बाहेर पडतो. कानाला लागतो तो हाच जादा जोर.

दुसऱ्या बाराच्या वेळी आत हवा जवळजवळ उरलेली नसते. तिच्या जागी पहिल्या बाराचा जळका वायू असतो: कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. शेगडीत निखारे आहेत, पण वारा घालायला कोणी नाही, अशी ही स्थिती.

दारूतच ऑक्सिजन असतो ना? मग बाहेरच्या हवेची गरज काय?

दारूच्या रेणूत ऑक्सिजन असतो, पण पुरेसा नसतो. आजची धूरविरहित दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची बनते. तिच्यातला सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि सगळा हायड्रोजन पाण्यात बदलायला जितका ऑक्सिजन लागेल, तितका तिच्यात नाही. म्हणून नळीत सगळे ‘जळून’ गेल्यावरही बाहेर येणाऱ्या वायूचा साधारण निम्मा भाग इंधनच असतो. सप्रेसर नसलेल्या बंदुकीच्या तोंडाशी रात्री जो मोठा जाळ दिसतो, तो बहुतांशी याच वायूने बाहेरच्या हवेत घेतलेला पेट. सप्रेसरच्या आत पहिल्या बाराला तेच घडते, बंद जागेत आणि मर्यादित हवेवर.

जाळ कमी करण्यासाठी काही दारूंमध्ये पोटॅशियमचे क्षार मिसळतात. ते या दुय्यम ज्वलनाची साखळी तोडतात. त्यामुळे एकाच बंदुकीत काडतुसाचा ब्रँड बदलला की पहिल्या बाराचा आवाजही बदलतो.

.२२ सारख्या छोट्या गोळीला हा त्रास जास्त का? उलट असायला हवे ना?

उत्तर प्रमाणात दडले आहे, आणि हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

.२२ च्या सप्रेसरची आतली मोकळी जागा ५० मिलिलिटर धरू. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे आत सुमारे १०.५ मिलिलिटर ऑक्सिजन. तो सगळा कार्बन मोनॉक्साइड जाळण्यात खर्ची पडला तर जास्तीत जास्त २५० ज्यूल उष्णता निघेल. आता काडतुसाकडे पाहा. .२२ लाँग रायफलमध्ये दारू असते जेमतेम ०.०८ ग्रॅम. तिची एकूण ऊर्जा ३०० ज्यूलच्या आसपास, आणि त्यातले शंभर-सव्वाशे ज्यूल गोळी घेऊन जाते. म्हणजे सप्रेसरमधली हवा जी भर घालू शकते, ती वायूकडे उरलेल्या ऊर्जेच्या तोडीस तोड आहे.

आता .३०८ ची रायफल. सप्रेसरची मोकळी जागा २०० मिलिलिटर, त्यात ऑक्सिजन ४२ मिलिलिटर, जादा उष्णता फार तर १ किलोज्यूल. पण इथे दारू २.८ ग्रॅमच्या घरात असते. तिची ऊर्जा १० किलोज्यूलच्या वर आणि गोळीने ३.५ किलोज्यूल नेले तरी मागे ७ किलोज्यूल उरतात. सातात एकाची भर पडली तर कान ती फारशी टिपत नाही.

हे दोन्ही आकडे वरच्या मर्यादेचे आहेत. सगळा ऑक्सिजन योग्य क्षणी जळतोच असे नाही. पण प्रमाण ध्यानात यायला ते पुरेसे आहेत. शिवाय मोठ्या रायफलची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते. तिचा स्वतःचा कडाका इतका मोठा असतो की पहिल्या बारातला फरक त्यात झाकला जातो. सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या गोळीला हा कडाका नसतो, म्हणून तिथे एफआरपी उघडा पडतो.

एकच .२२ काडतूस, एकच सप्रेसर. पण पिस्तुलावर एफआरपी येतो आणि रायफलवर नाही. असे का?

नळीच्या लांबीमुळे. चाळीस सेंटिमीटरच्या रायफल नळीत .२२ चा वायू तोंडापर्यंत पोहोचेतो पसरून थंड झालेला असतो, दाबही बराच उतरलेला असतो. मिश्रण पेटायला लागणारे तापमान गाठले जातेच असे नाही. दहा-बारा सेंटिमीटरच्या पिस्तुलातून तोच वायू कितीतरी तप्त बाहेर येतो आणि हमखास पेटतो.

कारण ऑक्सिजनच आहे याचा पुरावा काय?

सप्रेसरमधली हवा काढून तिथे नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला आणि मग पहिली गोळी झाडली, तर एफआरपी नाहीसा होतो. उलट, पाच गोळ्या झाडून आतली हवा संपवली आणि मग सप्रेसरमधून ताजी हवा फुंकली, तर सहावा बार पुन्हा पहिल्यासारखा वाजतो. सप्रेसर तोच, तोही गरम, तरीही. अंधारात पाहिले तर पहिल्या बाराला सप्रेसरच्या तोंडाशी बारीक ठिणगी किंवा जाळ दिसतो, पुढच्या बारांना तो कमी होतो. म्हणूनच लष्करी चाचण्यांत पहिल्या बाराचा जाळ वेगळा पाहिला जातो. रात्रीच्या दुर्बिणीतून तो लांबून दिसतो.

कीबोर्डवरची धूळ उडवायचा डबा घेऊन हा प्रयोग कोणी करू नये. त्या डब्यांत बहुधा डायफ्लुरोइथेन असते आणि ते ज्वलनशील आहे.

एकदा झाडल्यावर किती वेळ शांत राहते?

ठरावीक मिनिटे सांगता येत नाहीत, कारण हवा आत शिरायच्या वाटा दोन आहेत.

पहिली वाट उघड दिसते: बोल्ट किंवा स्लाइड (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) मागे राहिली तर नळी दोन्ही टोकांनी मोकळी होते. सप्रेसर गरम असतो, आतला वायू वर सरकतो आणि मागून ताजी हवा ओढली जाते. बंदूक तिरकी किंवा उभी ठेवली असेल तर हे आणखी भरभर होते. बोल्ट बंद असेल तर जळका वायू जास्त वेळ टिकतो.

दुसरी वाट सहसा लक्षात येत नाही. बोल्ट बंद असला तरी आतला वायू थंड होताना आकसतो. ३०० अंश सेल्सियसचा वायू खोलीच्या तापमानाला आला की त्याचे आकारमान सुमारे निम्मे होते, त्यातली वाफ पाणी होऊन बसते ती वेगळीच. रिकाम्या झालेल्या जागेत पुढच्या भोकातून बाहेरची हवा शिरते. म्हणून दोन बारांत मोठा खंड पडला की आवाज अर्धवट का होईना परत येतो. नेमबाजीच्या रेंजवर ‘युद्धबंदी’, म्हणजे झाडणे थांबवायची सूचना, पुकारून सगळे लक्ष्ये तपासायला जातात, परत येऊन झाडलेली पहिली गोळी पुन्हा मोठी वाजते, त्याचे कारण हेच. आणि रेंजच्या नियमाप्रमाणे त्या वेळी बोल्ट उघडाच ठेवायचा असतो. आवाज वाचवायला तो बंद ठेवू नये.

कंपनीच्या पत्रकात ११९ डेसिबल लिहिले आहे. तो पहिल्या बाराचा आकडा की सरासरी?

बहुधा सरासरी, आणि आमचा आक्षेप इथेच आहे. समजा पहिला बार १२५ आणि पुढचे नऊ ११९. दहांची सरासरी ११९.६ येते. पाचच झाडले तर १२०.२. म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची संख्या वाढवली की पहिला बार सरासरीत बुडून जातो. काही पत्रकांत तर तो वगळूनच आकडा देतात.

शिकाऱ्याच्या दृष्टीने हे उलटे आहे. फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड या देशांत सप्रेसर शिकारीचे नेहमीचे साधन आहे, आणि शिकारीत बहुतेक वेळा एकच गोळी झाडली जाते. त्याच्यासाठी पहिला बार हाच खरा आकडा. विकत घेताना पहिल्या बाराचा आकडा, उरलेल्यांची सरासरी, नळीची लांबी, काडतूस आणि मायक्रोफोनची जागा या पाच गोष्टी मागा. पाचांतली एक जरी नसेल, तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका.

नीट मोजायचे कसे?

अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-१४७४ या मानकातून आलेली रूढ पद्धत अशी: मायक्रोफोन सप्रेसरच्या तोंडापासून डावीकडे १ मीटर, नळीशी काटकोनात, जमिनीपासून १.६ मीटर उंच. दुसरा मायक्रोफोन नेमबाजाच्या कानापासून १५ सेंटिमीटरवर. जवळ भिंत, छत किंवा गाडी नको, परावर्तनाने आकडा बिघडतो.

उपकरण आघाती आवाजासाठी बनवलेले हवे. बाराचा कळस मिलिसेकंदाच्याही छोट्या भागात येऊन जातो. साधा ध्वनिमापक तोवर जागाही होत नाही. मोबाइलचे ऍप तर इथे निरुपयोगी आहे: फोनच्या मायक्रोफोनमध्ये आवाज या पातळीच्या बराच आधी छाटला जातो आणि फोन स्वतःहून आवाज खाली आणतो. फोनवर पहिला आणि पाचवा बार सारखे दिसले म्हणून एफआरपी नाही असे समजू नका.

एका पहिल्या बारावरून निष्कर्ष काढू नये. निदान पाच ‘पहिले’ बार हवेत, आणि प्रत्येकाआधी बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडून, सप्रेसर गार होऊ देऊन त्यातून ताजी हवा फुंकलेली हवी. तापमान, हवेचा दाब आणि समुद्रसपाटीपासूनची उंची टिपून ठेवा.

तो कमी करायचा कसा?

काडतूस बदलून पाहणे हा सर्वांत सोपा आणि निर्धोक उपाय. तीन-चार ब्रँडची सबसॉनिक काडतुसे आणा, प्रत्येकाचे पहिले बार वेगळे ऐका. फरक कानाला कळतो.

दुसरा उपाय खरेदीच्या वेळचा. सप्रेसरची मोकळी जागा जितकी जास्त तितका एकूण आवाज कमी, पण आत हवाही जास्त, म्हणजे एफआरपी जास्त. डिझाइन करणाऱ्याची ही कायमची ओढाताण आहे. पहिल्या कप्प्याचा आकार आणि पहिल्या बॅफलची (कप्पे पाडणाऱ्या आतल्या पडद्याची) ठेवण यावर वायू आणि हवा किती जोरात मिसळतात ते ठरते, त्यामुळे सारख्याच आकाराच्या दोन सप्रेसरमध्येही पहिला बार वेगळा वाजू शकतो.

तिसरा उपाय ओला सप्रेसर, आणि तो फक्त पिस्तुलासाठी. कंपनीने ‘ओला चालेल’ असे लिहून दिले असेल तरच. ९ मिमी किंवा .४५ च्या सप्रेसरमध्ये साधारण एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी पुरते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.२६ किलोज्यूल लागतात, त्यामुळे वायू झटक्यात थंड होतो आणि पेट घेत नाही. पहिला बार तर बसतोच, पुढचेही काही बार जास्त शांत येतात. पाणी संपले की फायदा संपला. पाणी सप्रेसर बंदुकीपासून काढून घालायचे, जादाचे झटकून टाकायचे आणि नळीत थेंबही नाही हे पाहून मगच बसवायचे. पाणी लवकर उडते म्हणून काही जण अल्ट्रासाउंडचे जेल वापरतात.

रायफलच्या सप्रेसरमध्ये पाणी घातले तर?

घालू नका. रायफलच्या तोंडाशी दाब पिस्तुलाच्या कितीतरी पट असतो. पाणी दाबले जात नाही आणि मोकळी जागाही खाते. दाब डिझाइनपेक्षा वर जाऊन बॅफल किंवा वेल्ड फुटू शकते. पाणी ओघळून नळीत आले तर नळीत अडथळा ठेवून गोळी झाडल्यासारखेच होईल.

तेल, डब्ल्यूडी-४० किंवा ग्रीस?

तेल आणि स्प्रे दोन्ही जळतात. शांत करायच्या जागी इंधन वाढते, तोंडावर धूर येतो आणि तो फुप्फुसात जातो. ग्रीसही कंपनीने नाव घेऊन सांगितले असेल तेवढेच.

पहिला नव्हे, मधलाच एखादा बार मोठा वाजला. हा एफआरपी आहे का?

खंड न पडता सलग झाडताना असे झाले तर नाही, आणि तिथेच थांबा. चाप सोडा, बंदूक रिकामी करा, बोल्ट उघडून काडतूस बसते ती जागा (चेंबर) डोळ्यांनी पाहा. मग सप्रेसर ढिला झाला आहे का ते तपासा. सलग बारांनी तापून आटे सैल होतात आणि सप्रेसर थोडा तिरका बसतो. तिरक्या सप्रेसरमध्ये गोळी बॅफलला घासते. पुढच्या भोकाच्या कडेला चकचकीत ओरखडा, लक्ष्यावर आडवे किंवा लांबट भोक, आकड्यात अचानक उडी ही त्याची लक्षणे. संरेखनाची सळई (सप्रेसर सरळ बसला का ते तपासायची) नळीतून घालून ती पुढच्या भोकाच्या मध्यातून येते का ते पाहा. नसेल तर सप्रेसर काढून ठेवा.

दुसरी शक्यता ‘कडाक्या’ची. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियसला ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो, ० अंशाला ३३१. उन्हाळ्यात सबसॉनिक असलेले काडतूस हिवाळ्यातल्या पहाटे एखाद्या गोळीला ही सीमा ओलांडू शकते. एफआरपीचा आवाज बंदुकीच्या तोंडाशी येतो, कडाका गोळीच्या वाटेवरून येतो. उघड्या मैदानात हा फरक ओळखता येतो.

सप्रेसर आहे, मग कानांना काही लावायला हवे का?

हो, आणि पहिल्या गोळीच्या आधीपासून. आघाती आवाजासाठी १४० डेसिबल कळस ही प्रौढांची मर्यादा सर्वत्र वापरतात, जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी १२० सांगते. .३०८ वर चांगला सप्रेसरही १३५ ते १४० च्या दरम्यान आणतो. त्यात पहिल्या बाराचे एक-दोन डेसिबल मिळवले तर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. शेजारच्या लेनवर सप्रेसर नसलेली बंदूक असते, हा मुद्दा वेगळा.

नव्याने साफ केलेल्या सप्रेसरमध्ये एफआरपी वाढतो का?

किंचित. आतला काजळीचा आणि शिशाचा थर जागा व्यापतो, तो गेला की हवेला जागा वाढते. पण म्हणून .२२ चा सप्रेसर घाण ठेवू नका, शिसे साचून बॅफल एकमेकांना चिकटतात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात भिजवायची युक्ती लोक सांगतात, ती टाळा. त्यात विद्राव्य शिशाचा विषारी क्षार तयार होतो आणि तो त्वचेतून शरीरात जातो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला सप्रेसर ठेवता येतो का?

राज्य आणि व्हिसा दोन्ही पाहावे लागतात. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ऍक्टपासून सप्रेसरची केंद्रीय नोंदणी सक्तीची आहे. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, नोंदणी मात्र कायम आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स या मराठी वस्तीच्या राज्यांत सामान्य नागरिकाला तो ठेवता येत नाही, टेक्सासमध्ये येतो. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायदा बंदूकच बाळगू देत नाही, आणि कायद्याच्या भाषेत सप्रेसर ही ‘बंदूक’च आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांवर विसंबू नका.

आणि भारतात?

नाही. आवाज किंवा जाळ कमी करणारी साधने आपल्या शस्त्र नियमांत पहिल्याच, सर्वांत कडक वर्गात मोडतात. शेतीच्या रक्षणासाठी किंवा खेळासाठी बंदुकीचा परवाना असला तरी सप्रेसर त्यात येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात हीच .२२ ची गोळी असते, पण सप्रेसरशिवाय. परदेशात कायदेशीर घेतलेला सप्रेसर, त्याचा सुटा भाग किंवा साफ करायचा संच समजून आणलेली बॅफलची नळी यातले काहीही मायदेशी येताना सामानात ठेवू नका.